डॉक्टरीणबाईंच्या हाती सुरी

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. शब्द दिसला की तो उलटापालटा करून पाहायचा, त्याच्या पोटात काय दडले आहे ते चाचपायचे. परवा असाच एक शब्द हाती लागला : ‘डॉक्टरीणबाई’. आमच्या आजीच्या पिढीत हा शब्द सर्रास चाले आणि त्याचे अर्थ दोन होते. एक, बाळंतपणाला बोलवायची ती स्त्री-डॉक्टर; आणि दुसरा, डॉक्टरांची बायको. पाटलांची ती पाटलीण, मास्तरांची ती मास्तरीण, तशीच डॉक्टरांची ती डॉक्टरीण. म्हणजे एकीने रात्रीचा दिवस करून पदवी मिळवली काय आणि दुसरीने पदवीधराच्या गळ्यात माळ घातली काय, भाषेने दोघींना एकाच पंगतीला बसवून टाकले!

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. डॉक्टरची डॉक्टरीण झाली, पण ‘सर्जन’ या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप मराठीने कधी घडवलेच नाही. घडवील कशाला? तशी बाई आसपास दिसली तर ना!

इंग्रजीत एक जुने कोडे आहे. ते मराठीत सांगायचे तर व्याकरणाची थोडी कसरत करावी लागते. कर्तरी प्रयोगात आपले क्रियापद मोठे चुगलखोर असते. ‘आले’ की ‘आल्या’ हे ते लगेच सांगून टाकते. म्हणून भावे प्रयोगाचा आश्रय घ्यायचा. कोडे असे : बाप आणि मुलगा मोटारीतून चालले होते. अपघात झाला. बाप जागच्या जागी गेला. मुलाला इस्पितळात नेले. शस्त्रक्रियेसाठी ज्यांना बोलावले होते त्या सर्जनांनी मुलाकडे पाहिले आणि म्हटले, “याच्यावर मला शस्त्र चालवता येणार नाही. हा माझा मुलगा आहे.” तर हे कसे?

मी हे कोडे वर्गात घालते. मुले बिचारी फार डोके लढवतात. कोणी म्हणते, मेलेला बाप सावत्र असेल. कोणी म्हणते, मुलगा दत्तक गेलेला असेल. एकाने तर बापाचे भूतही आणून उभे केले होते. ‘सर्जन म्हणजे मुलाची आई’ हे उत्तर शेवटी कोणाला तरी सुचते आणि मग सगळा वर्ग कपाळावर हात मारून घेतो. विशेष म्हणजे, जिची स्वतःची आई डॉक्टर आहे अशा मुलीलाही ते चटकन सुचत नाही.

मुलांना हसण्यात अर्थ नाही. त्यांच्या डोळ्यांनी जे पाहिले तेच त्यांच्या डोक्यात बसले. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आज मुलींची संख्या निम्म्याच्या आसपास आहे. आता तुमच्या रस्त्यावरच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत जा. स्त्रीरोग व प्रसूती : बाईंचे नाव. बालरोग : बाईंचे नाव. त्वचारोग, डोळे : पुष्कळदा बाईंचे नाव. पोटाच्या शस्त्रक्रिया, हाडे, मूत्रपिंड, मेंदू, हृदय : पाट्यांमागून पाट्या वाचा, सारे पुरुषच. शिकायला निम्म्या बसलेल्या या मुली शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी आल्यावर जातात कुठे?

कुठे जातात ते मला दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात पाहायला मिळाले. माझी भाची डॉक्टर झाली, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत तिला चांगला क्रमांक मिळाला आणि तिने जनरल सर्जरी घ्यायची म्हणून सांगितले. झाले! घरात मुलगी पाहायला आल्यासारखी मंडळी जमली. आत्याबाई म्हणाल्या, “अगं, कातडीचं घे. रात्री-अपरात्री कोणी उठवत नाही.” मामा म्हणाले, “डोळ्यांचं घे. काम स्वच्छ, घरी सहाला परत.” शेजारच्या काकू सर्वांत व्यवहारी. त्या म्हणाल्या, “स्त्रीरोग घे बाई. बायका बायकांकडे येतातच, दवाखाना रिकामा राहायचा नाही.”

भाची म्हणाली, “काकू, बाळंतपणं काय दुपारी दोन ते पाच या वेळात होतात का?”

या एका प्रश्नाने सगळी बैठक गार पडली. मलाही तो तेव्हापासून पिच्छा पुरवतो आहे, कारण शल्यशास्त्र बायकांना का झेपणार नाही याची जी जी कारणे आपण देतो, ती सगळी या प्रश्नापाशी येऊन कोसळतात. रात्रपाळी? प्रसूतिगृहाएवढी रात्रपाळी कुठल्या विभागात असते! रक्त? अडलेल्या बाळंतिणीचा रक्तस्राव ज्याने पाहिला आहे त्याला आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेतले रक्त काय भिववणार? क्षणात निर्णय घेण्याची वेळ? तिथे तर एका वेळी दोन जीव हाती असतात. सिझेरियन ही पोट फाडून करायची शस्त्रक्रियाच आहे, गर्भाशय काढणे हीही शस्त्रक्रियाच आहे. ती पहाटे तीन वाजता बाईने केलेली आपल्याला चालते. तीच बाई, तोच हात, तीच सुरी, आत गर्भाशयाऐवजी पित्ताशय असले की मात्र आपण विचारतो, “झेपेल का हो तिला?”

हाडांच्या डॉक्टरांना ताकद लागते, असेही सांगतात. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना दिवसातून चार वेळा कुशीवर वळवणाऱ्या सुनेला ताकदीबद्दल कोणी विचारत नाही. आणि आता हाड ओढून धरायला टेबल आहे, भोक पाडायला यंत्र आहे. अमेरिकेत 1933 साली अस्थिशल्यविशारदांची अकादमी स्थापन झाली. 1937 साली रूथ जॅक्सन ही तिची पहिली स्त्री-सभासद झाली. हाडे बसवण्यासाठी तेव्हा आजची यंत्रे नव्हती, तरी तिचे काही अडले नाही.

मग ही कुंपणाची रेघ आली कुठून? त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

1870 साली एडिंबरो विद्यापीठात सात मुली वैद्यक शिकत होत्या. त्यांपैकी एडिथ पीची हिने रसायनशास्त्रात पहिल्यांदाच परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांत पहिला क्रमांक मिळवला. त्या क्रमांकाला जी होप शिष्यवृत्ती मिळायची ती प्राध्यापकांनी तिला न देता तिच्या मागच्या मुलांना दिली. त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला या मुली शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेसाठी सर्जन्स हॉलपाशी आल्या, तर बाहेर जमाव गोळा झालेला. चिखल फेकला, शिव्या घातल्या, तोंडावर फाटक लावून घेतले. मुली कशाबशा आत पोचल्या, तर परीक्षा चालू असताना दालनात एक मेंढी सोडून देण्यात आली! शेवटी विद्यापीठाने त्यांना पदवी दिलीच नाही. ती दिली 2019 साली, मरणोत्तर. तब्बल दीडशे वर्षांनी.

ही एडिथ पीची आपल्या अगदी ओळखीची. 1883 च्या अखेरीस ती मुंबईला आली आणि पुढे कामा हॉस्पिटल तिच्या हाताखाली उभे राहिले. बालविवाहाविरुद्ध ती बोलली, रखमाबाईंच्या बाजूने उभी राहिली. त्या रखमाबाई लंडनला जाऊन 1894 साली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरतेला व राजकोटला वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्याही आधी, 1886 साली, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, गेल्या. या तिघींचे उपकार फिटणारे नाहीत. पण दार उघडून घेण्यासाठी त्या काळात कोणती किल्ली चालली ते नीट पाहिले पाहिजे. किल्ली अशी : ‘आमच्या बायका परक्या पुरुषाला हात लावू देत नाहीत, म्हणून बायकांसाठी बायका-डॉक्टर हव्यात.’ 1885 साली लेडी डफरिन यांच्या नावाने उभा राहिलेला मोठा निधी याच हेतूसाठी होता. युक्तिवाद खरा होता आणि त्याने हजारो जीव वाचवले. पण स्त्रियांनी वैद्यक का शिकावे, तर त्यांना बुद्धी आहे, इच्छा आहे म्हणून, असे कोणी म्हटले नाही. दुसऱ्या बायकांची सोय व्हावी म्हणून, असे म्हटले. ज्या दाराने त्या आत आल्या ते दार एकाच खोलीत उघडत होते. त्या खोलीबाहेर पडायला कोणी सांगितले नाही, आणि दीडशे वर्षे होत आली तरी आपल्या शेजारच्या काकू तीच किल्ली भाचीच्या हातावर ठेवत आहेत.

या खोलीबाहेर पडण्याची एक विलक्षण हकीगत पहिल्या महायुद्धातली आहे. लुइझा गॅरेट अँडरसन आणि फ्लोरा मरे या दोघी इंग्लंडातल्या डॉक्टर. तोवर त्यांना काम मिळे ते बायकामुलांच्या इस्पितळांत. 1914 साली युद्ध सुरू झाले तेव्हा आपले सरकार आपल्याला विचारणार नाही हे ओळखून त्या फ्रेंचांकडे गेल्या आणि पॅरिसमधल्या एका हॉटेलात त्यांनी जखमी सैनिकांसाठी इस्पितळ थाटले. ते काम पाहून ब्रिटिश लष्कराचे डोळे उघडले. 1915 च्या मे महिन्यात लंडनच्या एंडेल स्ट्रीटवर, एका जुन्या गरीबखान्याच्या वास्तूत, पाचशेहून अधिक खाटांचे लष्करी इस्पितळ सुरू झाले. त्यातल्या सगळ्या डॉक्टर आणि सर्जन स्त्रिया. मोडलेली हाडे, डोक्यात घुसलेले गोळ्यांचे तुकडे, सडलेल्या जखमा : पुढच्या चार-साडेचार वर्षांत तिथे चोवीस हजारांहून अधिक रुग्ण आले आणि सात हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या. ज्या बायकांनी त्याआधी पुरुष रुग्णाला हातही लावला नव्हता त्यांनी हे केले.

आणि मग? युद्ध संपले. इस्पितळ बंद झाले. युद्धकाळात पुरुष विद्यार्थी रणांगणावर गेले म्हणून लंडनच्या ज्या वैद्यकीय शाळांनी मुलींना घेतले होते, त्यांपैकी बऱ्याच शाळांनी 1920 च्या दशकात दारे पुन्हा लावून घेतली. बाईचा हात सुरी धरायला योग्य आहे की नाही हा प्रश्न सात हजार शस्त्रक्रियांनी सुटला होता. पण प्रश्न हाताचा नव्हताच, खुर्चीचा होता. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सला सनद मिळाली 1800 साली. त्याच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, क्लेअर मार्क्स, येऊन बसली ती 2014 साली. आणि या बाई हाडांच्या सर्जन होत्या, हे आमच्या मामांनी लक्षात ठेवावे.

कोणी म्हणेल, झाले ते झाले. आता काय त्याचे? आताचे सांगते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात लोकांच्या औषधोपचाराचा खर्च सरकार देते. त्यामुळे कोणी कोणाला कोणाकडे पाठवले, पुढे काय झाले याच्या नोंदी एका ठिकाणी सापडतात. त्या नोंदींवरून लक्षात आले की प्रांतातल्या सर्जनांत पुरुष सुमारे साडेसत्त्याहत्तर टक्के, पण पुरुष डॉक्टर जे रुग्ण पुढे पाठवतात त्यांतले सत्त्याऐंशी टक्के जातात पुरुष सर्जनांकडे. म्हणजे बाई सर्जन झाली तरी रुग्ण तिच्यापर्यंत पोचता पोचता वाट वाकडी होते. हेदर सार्सन्स या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या अशाच नोंदी तपासल्या. त्यांना दिसले ते तर आपल्या घरातलेच वाटते. पुरुष सर्जनच्या हातून रुग्ण दगावला तर त्याला रुग्ण पाठवणारे डॉक्टर थोडेफार बिचकतात. स्त्री सर्जनच्या हातून दगावला तर तिच्याकडचा ओघ फार जास्त आटतो. आणि एवढ्यावर भागत नाही, तर त्याच विषयातल्या दुसऱ्या स्त्री सर्जनांकडेही रुग्ण कमी जाऊ लागतात. पुरुषाचे अपयश त्याचे एकट्याचे. बाईचे अपयश साऱ्या जातीचे!

त्याच ओंटारिओतील 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 13 लाखांहून अधिक रुग्ण आणि 2937 सर्जन यांचा हिशोब मांडला होता. पुरुष सर्जनांनी ज्या स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या त्यांच्यात, स्त्री सर्जनांनी केलेल्यांपेक्षा, काही ना काही वाईट घडण्याचे प्रमाण पंधरा टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण बत्तीस टक्क्यांनी अधिक आढळले. यावरून पुरुष सर्जन वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. नोंदींतून फरक दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. पण ‘बाईच्या हाती सुरी म्हणजे जिवाशी खेळ’ म्हणणाऱ्याला आता पुरावा आणावा लागेल, एवढे तरी खरे.

तर आमच्या भाचीने सर्जरी घेतली. आज ती एका सरकारी इस्पितळात दुसऱ्या वर्षाला आहे. तिची तक्रार काय असेल? झोप नाही, जेवायला वेळ नाही, ही तक्रार नाही. ती सगळ्यांचीच असते. तिची तक्रार अशी की, शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्या हाती बहुधा रिट्रॅक्टर येतो आणि बरोबरीच्या मुलाच्या हाती सुरी. रिट्रॅक्टर म्हणजे जखमेच्या कडा ओढून धरायचे साधन. तासन्‌तास ते धरून उभे राहायचे. मुद्दाम कोणी करते असे नाही. सर म्हणतात, “तू धर बेटा, हा करेल.” ‘बेटा’ शब्दात माया आहे, पण मायेने टाके घालता येत नाहीत. अमेरिकेत 2019 साली नेत्रशल्य शिकणाऱ्यांच्या शस्त्रक्रिया मोजल्या तेव्हाही मुलींच्या वाट्याला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मुलांपेक्षा कमी आल्याचे दिसले होते. हात बसतो तो केल्याने. तीन वर्षांनी दोघांना पदवी एकच मिळणार, पण एकाचा हात बसलेला असणार आणि दुसरीचा खांदा दुखत असणार. आणि मग आपण म्हणणार, “बघा, मुलींना आत्मविश्वासच कमी!”

याला उपाय फार अवघड नाहीत. कोणी किती शस्त्रक्रिया स्वतः केल्या याची नोंद ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी ती विभागाच्या फलकावर लावायची. फलकावर आकडा लागला की माया आपोआप समान वाटली जाते. हातमोजे साडेसात नंबरचेच मागवायचे आणि सहा नंबरच्या हाताने ते ढगळ घालून काम करायचे, हे थांबवायचे.

लग्नाचा आणि मुलाबाळांचा प्रश्न मात्र खरा आहे. तो हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. साडेपाच वर्षे पदवीची, तीन एम.एस.ची, पुढे एखाद्या अवयवाचे खास शिक्षण घ्यायचे तर आणखी तीन. मध्ये एकही वर्ष फुकट गेले नाही तरी मुलगी तिशीला पोचते. म्हणजे सुरी शिकायची वर्षे तीच, आणि आई व्हायची वर्षेही तीच. यावर आजवरचा आपला तोडगा एकच, तिने सुरी सोडावी. दुसरा तोडगा असा की, शिक्षण थांबवता यावे आणि जिथे थांबले तिथून, मागे न ढकलता, पुन्हा सुरू करता यावे. परत आलेल्या मुलीला सहकाऱ्यांनी ‘आमच्यावर कामाचा बोजा टाकून गेली’ असे ऐकवू नये, म्हणून तिच्या जागी तात्पुरता माणूस नेमला जावा. आणि बाळाकडे कोण पाहील हा प्रश्न सर्जन बाईंना विचारतो तसा एकदा सर्जन बुवांनाही विचारावा.

राहिली सुरक्षितता. ब्रिटनमध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीला शस्त्रक्रिया विभागांतल्या 1434 जणांनी उत्तरे दिली होती. आपणहून उत्तरे देणाऱ्यांची ती पाहणी, पण त्यांतल्या जवळजवळ दोनतृतीयांश स्त्रियांनी मागल्या पाच वर्षांत सहकाऱ्यांकडून लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. आपल्याकडे 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवरच्या शिकाऊ स्त्री-डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हा सारा देश हादरला. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने काय उपाय सुचवला? शक्यतो स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये! सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सूचनेला हरकत घेतली आणि बजावले की संरक्षण देणे हे सरकारचे काम आहे. बायकांनी रात्री काम करू नये असे सांगता येणार नाही. सरकारला ती सूचना मागे घेण्याचे कबूल करावे लागले. मला यात आमच्या आत्याबाईंचाच आवाज ऐकू आला. त्यांच्या मनात काळजी होती, खोटी नव्हती. पण आतून कडी लागेल अशी निजायची खोली आणि उजेड असलेला जिना एवढे जे मागायचे ते इस्पितळाकडे मागायला हवे. ते सोडून आपण मुलीकडे तिचे स्वप्न मागतो.

हा अंक तुमच्या घरी फराळाच्या ताटाशेजारी पडेल तेव्हा कुठल्या तरी घरात प्रवेशाच्या याद्यांची चर्चा चालू असेल. त्या घरातल्या मंडळींना माझे सांगणे एवढेच : मुलीला काय आवडते ते आधी विचारा, आणि मुलाला जो सल्ला देणार नाही तो तिला देऊ नका. बाकीच्यांसाठीही एक काम आहे, आणि त्याला ना पदवी लागते ना पैसा. उद्या तुमच्या घरचे कोणी शस्त्रक्रियेसाठी दाखल होईल. हिरव्या कपड्यातली एक बाई खाटेपाशी येईल, कागद वाचील, पोट दाबून पाहील. तिला ‘सिस्टर’ म्हणू नका, आणि ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ असे विचारू नका. तिचे नाव विचारा. कदाचित मोठ्या डॉक्टर त्याच असतील.